अर्ध्यावरचा टायर

१

विमानाने कुंपणात नाक खुपसलं होतं आणि शेपूट आभाळाकडे उगारलं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, झुडपात हरवलेलं काहीतरी बिचारं वाकून शोधतंय.

तपासनीस बाईंना असलं काही वाटलं नाही. त्यांना एवढंच वाटलं, की आता गाडीतून उतरावं लागणार. गुडघे दुखत होते, थर्मासमधली कॉफी गार झाली होती, आणि विमान खात्याच्या नोकरीत त्यांनी इतकी मोडकी विमानं पाहिली होती, की एखादं धड विमान दिसलं की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. प्रत्येक तपासाच्या शेवटी त्यांच्या पेनातून तेच दोन शब्द उतरायचे: वैमानिकाची चूक. हल्ली पेन उघडलं की ते शब्द आपोआपच बाहेर येतील असं त्यांना वाटे.

धावपट्टी म्हणजे काय, तर शेताच्या मधोमध कापलेल्या गवताचा एक हिरवा पट्टा. आखूड. इतका आखूड, की मोठ्या विमानतळावरचा वैमानिक त्याला अंगण म्हणाला असता. एका बाजूला पत्र्याचं हँगर, त्याला लागून घर. दुसऱ्या बाजूला शेजारणीची जागा. पट्टीच्या कडेला, बरोबर अर्ध्यावर, चुन्याने रंगवलेला एक जुना टायर आडवा टाकलेला.

हँगरच्या दारात खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाई अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी मान वर केली.

"या साहेब. खात्यातून ना?"

"मी बाई आहे," बाई म्हणाल्या.

"माफ करा. ऊन डोळ्यावर येतंय."

बाईंनी मागे वळून पाहिलं. आभाळ पुरतं भरून आलं होतं. पण म्हातारी माणसं काहीही बोलतात, आणि बाई फार थकल्या होत्या, म्हणून त्यांनी ते तिथेच सोडून दिलं.

पट्टी, शेत, विमान, सगळं या म्हाताऱ्या बाबांचं. आयुष्यभर त्यांनीच उडवलं. गेल्या वर्षी त्यांनी उडणं सोडलं, आणि तेव्हापासून विमान त्यांची लेक चालवायची. लेकीला उडायलाही त्यांनीच शिकवलेलं. आता तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि तिचा परवाना बाईंच्या सहीवर लटकत होता. बाईंनी ते नेहमीचे दोन शब्द लिहिले, की लेकीचं उडणं कायमचं बंद. दुसरं उडवणारं घरात कुणी नाही, म्हणजे पट्टीही बंद.

"आमचा नियम साधा आहे," बाबा सांगत होते. आवाज पार खाली गेलेला. "वेगाच्या काट्यावर मी एक हिरवी चिकटपट्टी लावलीय. पळायला लागलं, की टायर येतो. टायरपाशी सुई पट्टीवर पाहिजे. नसेल, तर पाय ब्रेकवर. उरलेल्या अर्ध्या वाटेत निवांत थांबता येतं. तिला झोपेतून उठवून विचारलं तरी तिने सांगितलं असतं. आणि तीच चुकली. म्हणजे माझंच शिकवणं कमी पडलं ना? कुठे कमी पडलं, तेच शोधतोय दोन दिवस. घास उतरत नाही."

लेक स्वयंपाकघरात होती, एक हात गळ्यातल्या झोळीत. दुसऱ्या हाताने ती बटाटा सोलायचा प्रयत्न करत होती आणि बटाटा टेबलभर पळत होता.

"विचारायची गरज नाही," तिने बाईंना बसायच्या आत सांगून टाकलं. "चूक माझी. मी सुई पाहिलीच नाही. लिहा आणि मोकळ्या व्हा."

चला! इतका सोपा तपास बाईंच्या वाट्याला कधी आला नव्हता. अंधार पडायच्या आत घरी पोचून पाय गरम पाण्यात बुडवता आले असते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी डोकं आत घातलं. डोक्याला बँडेज होतं.

"बाई, एक मिनिट बाहेर या," ते डोकं कुजबुजलं. "माझी ताई धडधडीत खोटं बोलतेय."

२

डोकं होतं धाकट्या भावाचं. त्या सकाळी विमानात शेजारच्या सीटवर तोच बसला होता.

"मला विमानं आवडत नाहीत," त्याने सुरुवातीलाच सांगितलं. "हे विकून टाका, पट्टी नांगरा, असं मी बाबांना कितीदा म्हटलंय. त्या दिवशी ताई म्हणाली, एकदा बसून तर बघ, मग बोल. बसलो. बघितलं. आता बोलतोय."

"म्हणजे विमान मोडलं ते तुमच्या पथ्यावरच पडलं."

"हो, म्हणून मी त्यात बसूनच ते मोडलं! माझी अक्कल काढा, पण एवढी नका काढू." त्याने बँडेज चाचपलं. ते बँडेज म्हणजे खरं तर ग्रीसचे डाग पडलेलं फडकं होतं. घरच्यांनी त्यावर वरून नुसती चिकटपट्टी मारली होती. "बाई, ऐका. मला भीती वाटत होती म्हणून मी त्या हिरव्या पट्टीवरून नजर काढली नव्हती. टायर आला. ताईने बोटाने सुई दाखवली आणि मोठ्याने म्हणाली, 'टायर. पट्टीवर. चला!' सुई पट्टीवर होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

"आणि मग?"

"मग कुंपण आलं. मला वाटलं अजून बरंच लांब असेल. पण ते आलंच!"

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. अर्ध्या वाटेत पुरेसा वेग असेल तर विमान उडायलाच हवं. सुई खरं बोलत असेल आणि भाऊही खरं बोलत असेल, तर कुंपण एवढ्या लवकर यायचं काही कारण नव्हतं.

"पडल्यावर ती काही बोलली?"

"बडबडत होती. डोक्याला मार बसला असणार. 'टायर, टायर, आधी टायर' एवढंच. मी खाली उतरून बघितलं पण. विमानाचे टायर तर शाबूत होते, तिन्हीच्या तिन्ही."

आपली चूक लपवणारे वैमानिक बाईंनी पोत्याने पाहिले होते. न केलेली चूक अंगावर ओढून घेणारी ही पहिलीच.

"कुणाला वाचवत असेल ती?" बाईंनी विचारलं.

भाऊ हँगरकडे बघत राहिला. "मी कुणाचं नाव घेणार नाही. पण इंजिन कोण बघतं, ते तुम्हीच विचारा."

३

इंजिन बघणारा मेकॅनिक तालुक्याला सुटा भाग आणायला गेला होता. वाट बघत बसण्यापेक्षा बाई पट्टी ओलांडून शेजारणीकडे गेल्या. ओलांडताना बूट ओले झाले. सकाळचं दव दुपारपर्यंत गवतात तसंच होतं.

शेजारीण गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभीच होती. बहुतेक सकाळपासून.

"आलात? बंद करा एकदाचं!" ती म्हणाली. "माझ्या गाईंनी दूध चोरायला सुरुवात केलीय त्या घर्रघर्रीने. आणि घर तर बघा माझं!"

बाईंनी घर बघितलं. हँगरच्या अगदी नाकासमोर, पट्टीपलीकडे. भिंतीला छपरापासून खाली एक लांब भेग होती.

"ही भेग विमानाने?"

"मग कुणी? मी भिंतीला चिमटा काढला? वरच्या पाण्याच्या टाकीने भिंत फुगली असं गवंडी म्हणतो. गवंडी विमानवाल्यांना सामील आहे. शेवटी टाकी उचलून इकडे आणावी लागली, या गोठ्यावर. जुनी फुटली, म्हणून तशीच पांढरी नवीकोरी घेतली. आता घरात पाणी आणायला केवढी पाइप टाकावी लागली माहितेय?"

बाईंनी मान वर केली. गोठा घरापासून बराच लांब होता, पट्टीच्या शेवटाकडे, विमान अडकलं होतं त्या कुंपणाच्या बाजूला. त्याच्या छपरावर पांढरी टाकी करड्या आभाळापुढे उठून दिसत होती. बाईंनी सहानुभूतीची मान हलवली. तक्रारी ऐकणं हा त्यांच्या नोकरीचा अर्धा भाग होता, आणि तोच जास्त थकवणारा.

"तुम्हीच काही केलं नाहीत ना, विमान बंद पडावं म्हणून?"

"मी?" शेजारीण भडकली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "मला करायचं असतं तर त्या पोरीला दुखापत होईल असं केलं असतं का? लहानपणी माझ्याच गोठ्यात वासरांशी खेळायची ती. पडलं तेव्हा मीच पहिली ओरडले. खरं सांगू? त्या मेकॅनिकला विचारा. मी इथूनच पाहिलं. तो धावत आला विमानापाशी, पोरीशी काहीतरी बोलला, आणि उलट्या पावली धावत सुटला!"

"मदत आणायला?"

"फोन तर मी केला होता! माणसं कुंपणात अडकलेली, आणि हा पठ्ठ्या पट्टीवरून मागे पळतोय. तुम्ही सांगा बाई, ज्याचं मन साफ आहे, तो माणूस पाठ फिरवतो?"

४

मेकॅनिकला सगळे चौदानंबर म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम चौदा नंबरचा पाना असे. बोलताना तो हा पाना काढून त्याच्याशी खेळायचा. आज तो पाना हातातल्या हातात गरगर फिरत होता.

"इंजिन बघायचंय? बघा. सगळं उघडून ठेवलंय. तुम्हाला एक नट सैल सापडला तर मी हा पाना चावून खाईन."

बाईंनी बघितलं. पाना चावायची वेळ येणार नव्हती. इंजिन देवघरासारखं स्वच्छ होतं. वेग मोजणाऱ्या नळीत कधीकधी गांधीलमाशी घर करते, आणि मग काटा खोटं बोलायला लागतो. बाईंनी तीही फुंकून पाहिली. नळी मोकळी होती. म्हणजे सुई खरं बोलत होती. भाऊही.

"पडल्यावर तुम्ही मागे पळालात."

पाना थांबला.

"प्रथमोपचाराची पेटी आणायला."

"आणलीत?"

"आणली की."

"मग धाकट्याच्या डोक्याला तुमचं ग्रीसचं फडकं का?"

चौदानंबरने पाना खिशात घातला. बाई त्याच्याकडे नीट बघू लागल्या. डांगरी आठवडाभर अंगावरून उतरली नसावी. काळे डाग होतेच, ते मेकॅनिकच्या डांगरीवर असायचेच. पण दोन्ही मांड्यांवर, गुडघ्याच्या वर, पांढरे फराटे होते. काळ्यावर पांढरे, अगदी उठून दिसणारे.

"हे काय लागलंय?"

"खडू," चौदानंबर म्हणाला.

"तुम्ही मेकॅनिक आहात की मास्तर?"

तो हसला नाही. "बाई, तुम्हाला हात जोडतो. ताई स्वतःच म्हणतेय ना, चूक तिची, मग तेच लिहा. लाखात एक बाई आहे ती. तिचं ऐका."

"तिचं ऐकलं तर ती पुन्हा कधी उडणार नाही."

"माहितेय," चौदानंबर म्हणाला. "तिलाही माहितेय."

५

बाई एकट्याच पट्टीवर आल्या. आता तर डोकंही दुखायला लागलं होतं. सगळे खरं बोलत होते, आणि जी एकटी खोटं बोलत होती, ती स्वतःच्याच विरुद्ध बोलत होती. यात गुन्हेगार शोधायचा कुठे?

गुडघ्यांनी सरळ नकार दिला तेव्हा बाई त्या पांढऱ्या टायरवर बसल्या.

आता, खुर्ची म्हणून टायर काही धड नसतो. बसताच तो एका बाजूने उचलला गेला, बाई पुढे कलंडल्या, दोन्ही हात गवतात टेकून कशाबशा सावरल्या. मग उठायचंच होतं, म्हणून टायरला धरून उठल्या, आणि टायर उलटा झाला. हातांना चुना लागला. त्यांनी तो सवयीने मांड्यांना पुसला.

आणि थांबल्या.

त्यांच्या काळ्या विजारीवर, गुडघ्याच्या वर, दोन पांढरे फराटे उमटले होते.

"खडू म्हणे!" बाई मोठ्याने म्हणाल्या.

त्यांनी खाली पाहिलं. टायरखालचं गवत दबलेलं होतं, पण हिरवंगार. आठवडेन् आठवडे टायर एका जागी पडून असला, तर त्याखालचं गवत पिवळं पडतं, आजारी माणसासारखं. इथे गवताला आपण दबलोय हे अजून कळलंही नव्हतं.

हा टायर इथे नवा होता.

मग आधी कुठे होता? गुडघे विसरून बाई पट्टीच्या कडेने चालू लागल्या. कुंपणाकडे, मोडक्या विमानाच्या दिशेने. चालल्या, चालल्या, बऱ्याच चालल्या. आणि मग पायाखाली ते सापडलं.

गवतात एक पिवळं कडं होतं. टायराएवढं.

नाही, एक नव्हतं. नीट वाकून पाहिलं तर कडी तीनचार होती, एकमेकांवर चढलेली, थोडी इकडे थोडी तिकडे. टेबलावर रोज चहाचा पेला ठेवावा आणि रोज तो किंचित हलावा, मग जसे डाग पडतात तसे.

बाई तिथेच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या दमलेल्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसू लागली.

टायर पुढे सरकला, कुंपणाच्या जवळ. मग सुई पट्टीवर टायरपाशीच येणार, पण तो टायर अर्ध्यावरचा नाही! उरलेली वाट अर्ध्याहून खूप कमी. एरवी एकटीच, कोरड्या गवतावरून, हलक्या विमानात लेक टायर यायच्या आतच हवेत जात असणार, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी गवत दवाने भिजलेलं, इंधनाची टाकी भरलेली, आणि शेजारी धाकटा भाऊ, चांगला भरल्या अंगाचा. विमान रेंगाळलं. टायर चुकीच्या जागी भेटला. कुंपण आलं.

"आधी टायर." ती विमानाच्या टायरांबद्दल बोलतच नव्हती. चौदानंबरला सांगत होती, हा टायर परत जागेवर ने. त्याने तो उचलून, पोटाशी धरून, अर्ध्यावर नेऊन टाकला. मांड्यांना चुना लागला.

पण मुळात टायर हलवला कुणी? कुणी घात करायला हलवला असता, तर एकदा हलवला असता. एक कडं उमटलं असतं. इथे तीनचार होती. म्हणजे हा टायर पुन्हा पुन्हा उचलला जात होता, आणि पुन्हा पुन्हा निष्ठेने ठेवला जात होता. चुकीच्या जागी, पण अगदी मनापासून.

जो टायर दर वेळी उचलतो आणि परत ठेवतो, तो कोण असतो? गवत कापणारा.

६

"गवत? ते माझं काम," बाबा म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जरा तरतरी आली. "एवढंच ठेवलंय मला. कापायचं यंत्र आवाजावर चालवतो मी. न कापलेलं गवत वेगळं वाजतं. एक पातं सुटत नाही."

"आणि टायर?"

"तो आधी बाजूला काढायचा, कापून झालं की परत टाकायचा."

"जागा कशी सापडते?"

"त्यात काय! इथे हँगरच्या दारात उभं राहायचं. समोर पट्टीपलीकडे शेजारणीच्या घरावर टाकी आहे, पांढरी. नाकासमोर तिच्याकडे टायर गडगडवत चालायचं. पट्टीची पलीकडची कड पायाला लागली, की तिथेच टाकायचा. बरोबर अर्धं. वर्षानुवर्षं असंच टाकतोय. मोजायची गरज नाही."

बाई त्यांच्या शेजारी दारात उभ्या राहिल्या. नाकासमोर घर होतं, भेगाळलेलं, डोक्यावर काही नसलेलं. आणि उजवीकडे, बऱ्याच लांब, गोठ्यावर, करड्या आभाळापुढे एक पांढरा ठिपका.

"आत्ता दिसतेय टाकी?" बाईंनी हळूच विचारलं.

"दिसतेय की. ती काय." म्हाताऱ्याने बोट उचललं. गोठ्याकडे.

"आणि घर?"

बाबांनी बोट खाली घेतलं. "घर खालच्या बाजूला आहे ना. खालचं सगळं एकच होतं हल्ली. आभाळापुढे पांढरं असलं की कळतं." मग घाईघाईने म्हणाले, "ऊन डोळ्यावर येतं म्हणून."

ऊन अजूनही कुठेच नव्हतं.

७

लेकीने बटाटे सोलणं सोडून दिलं होतं. समोर सगळे पसरलेले, अर्धे सोललेले, अर्धे नाही. बाईंनी तिच्यापुढे आपले पांढरे झालेले हात ठेवले.

ती त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले.

"कुंपणातून बाहेर आले," ती म्हणाली, "मागे वळून पाहिलं. टायर एवढा जवळ! आणि हँगरचं दार, टायर, गोठ्यावरची टाकी, तिन्ही एका सरळ रेषेत. मला लगेच कळलं. इतकं स्पष्ट, की हात दुखायचाही थांबला."

"आणि तुम्ही ठरवलंत, बाबांना कळू द्यायचं नाही."

"त्यांनी उडणं सोडलं, गाडी सोडली, वाचणं सोडलं. एक गवत उरलंय त्यांच्याकडे. त्यांना जर कळलं, की त्यांनी आम्हा दोघांना कुंपणात घातलं, तर काय उरेल? मी उडले नाही तर मरणार नाही हो. ते मरतील." तिने बाईंचा हात धरला. "तुमच्या पाया पडते. वैमानिकाची चूक, एवढंच लिहा ना. तुम्ही रोज लिहिता."

रोज लिहिते, बाईंच्या मनात आलं. आणि त्या दोन शब्दांमागे किती घरं बसली असतील, कुणाला माहीत. त्या खूप थकल्या होत्या. पण आजचा थकवा नेहमीचा नव्हता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी तुझ्या बाबांशी बोललेय. त्यांच्या घशाखाली घास का उतरत नाही, माहितेय तुला?"

"विमान मोडलं म्हणून."

"नाही."

"मग माझ्यामुळे."

"हो. पण तुला वाटतंय तसं नाही. त्यांना वाटतंय, तू चुकलीस, म्हणजे त्यांचं शिकवणं चुकलं. खुर्चीत बसून ते तुझा प्रत्येक धडा पुन्हा उकरून काढतायत, आपण कुठे कमी पडलो ते शोधतायत. तू त्यांच्या हातून गवत जाऊ नये म्हणून खोटं बोललीस, आणि त्यांच्या हातून तूच गेलीस."

लेकीने मान वळवली. मागे दाराची चौकट धरून बाबा उभे होते. डोळे अधू झाल्यापासून त्यांचे कान मात्र भलतेच तिखट झाले होते.

"मला तिथे ने," ते म्हणाले.

सगळे निघाले. पुढे लेक, तिच्या धड खांद्यावर बाबांचा हात, मागे बाई, त्यांच्या मागे चौदानंबर, पाना खिशात, आणि बँडेजवाला धाकटा. पलीकडे गोठ्याच्या दारात शेजारीण, कमरेवर हात.

पिवळ्या कड्यांपाशी आल्यावर लेक थांबली. बाबा हळूहळू गुडघ्यांवर बसले. तळहात गवतावर ठेवला आणि फिरवू लागले. हिरवं कुठे संपतं आणि वाळकं कुठे सुरू होतं, ते बोटांना कळत होतं. एक कडं. त्यावर दुसरं. त्यावर तिसरं. प्रत्येक वेळी आपण कसं चालत आलो, ते त्यांना आठवत असणार.

लेक ओठ चावत उभी होती.

"सुई पट्टीवर होती?" बाबांनी विचारलं. मान वर न करता.

"होती, बाबा."

"टायर आला तेव्हाच?"

"अगदी तेव्हाच. बोट दाखवलं मी. धाकट्याला विचारा."

"होती हो," धाकटा म्हणाला. "मी शपथ घेतो. मला तर दुसरं काही दिसतच नव्हतं."

बाबा गवतात बसल्या बसल्या हसले. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले, आणि पुन्हा हसले. सगळे घाबरून बघत राहिले.

"म्हणजे माझी पोरगी चुकली नाही," ते म्हणाले. "बरोबर शिकली. चूक माझी निघाली. बरं झालं, बाई. फार बरं झालं." आणि मग, जरा वेळाने, अगदी साध्या आवाजात, "काही खायला आहे का घरात?"

"बटाटे आहेत," लेक रडत रडत म्हणाली. "अर्धे."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर नेहमीच्या जागी गेलं, आणि नेहमीचे दोन शब्द आलेच नाहीत. त्यांनी लिहिलं: अर्ध्या वाटेची खूण जागेवर नव्हती. वैमानिकाने नियमाप्रमाणेच केलं. सही केली.

बाई गाडीकडे निघाल्या तेव्हा मागून बाबांचा आवाज आला.

"पण मग यापुढे टायर कुणी टाकायचा? टाकी तर हलली."

"तुम्हीच टाकायचा," लेक म्हणाली. "आता मीच तुमची टाकी."

बाई थांबून बघू लागल्या. चौदानंबरने टायर हँगरच्या दारात आणून बाबांच्या हाती दिला. पलीकडे पट्टीच्या कडेला, बरोबर अर्ध्यावर, लेक जाऊन उभी राहिली. गळ्यातली झोळी पांढरी होती. धड हात तिने उंच केला.

"इकडे, बाबा!" ती ओरडली. "नाकासमोर!"

म्हाताऱ्याने टायरला हात लावला, पुढे ढकलला, आणि त्या आवाजाच्या दिशेने सरळ चालू लागला.